अंदाजाचं माप

"स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला? घरात शिकवणाऱ्या काय कमी आहेत?" मैत्रिणींनो, आमच्या घरी आठवडाभर हाच प्रश्न गाजत होता. धाकट्या भाऊजींनी बारावीनंतर केटरिंगला जायचं ठरवलं होतं ना! ह्यांची नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, केमिकलच्या कारखान्यात. भावानं केमिस्ट्री घेऊन इथंच चिकटावं, ही ह्यांची इच्छा. सासूबाईंचं तर एकच पालुपद, "पुरुषासारखा पुरुष, आणि भाकऱ्या भाजणार?"

शेवटी पहाटेच्या एस.टी.नं मीच भाऊजींना घेऊन दादर गाठलं. वीर सावरकर मार्गावरचं केटरिंग कॉलेज तुमच्यापैकी काहीजणींनी बाहेरून पाहिलंही असेल. पण ते बायकांनी काढलंय, हे ठाऊक होतं का? मला नव्हतं. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं महिलांच्या अखिल भारतीय अन्न परिषदेनं १९५४ साली ते सुरू केलं.

तिथं पदार्थ नुसता करून भागत नाही. जिन्नसांचं वजन, तो किती जणांना पुरेल, एका ताटाला खर्च किती, सगळं वहीत लिहायचं. तिथल्या एका बाईंनी भाऊजींना सहज विचारलं, "तुमच्याकडे नाचणीच्या भाकरीला पाणी किती घेतात?" भाऊजी गप्प. मग म्हणाले, "आई करते." मलाही नेमकं सांगता येईना!

त्या बाईंनीच इटलीतल्या पोलेंझो गावची हकिकत सांगितली. 'स्लो फूड' चळवळीच्या कार्लो पेत्रिनींच्या पुढाकारानं तिथं २००४ साली अन्नाचंच विद्यापीठ निघालं. चीज कुठल्या दुधाचं, वाइन कुठल्या मातीतल्या द्राक्षांची, हे मुलं शेतकऱ्यांकडे जाऊन शिकतात. मनात आलं, मग आमच्या पोलादपूरच्या डोंगरातल्या नाचणी-वरीनं काय घोडं मारलंय?

घरी आल्यावर सासूबाईंना म्हटलं, "तुमची भाकरी लिहून घेते." त्या हसल्या. "अंदाजानं करायची, त्यात लिहायचं काय?" त्यांनी ओंजळीनं पीठ घेतलं, ते मी वाटीत ओतलं. असं तीनदा केलं. तिन्ही वेळा वाटी काठोकाठ! पाणीही मोजलं, तेवढीच वाटी. त्या बघतच राहिल्या.

तर हे त्यांचं माप: वाटीभर पाण्याला उकळी आणून चवीपुरतं मीठ, त्यात वाटीभर नाचणीचं पीठ, गॅस बंद, पाच मिनिटं झाकण. मग कोमट असतानाच पाण्याचा हात लावून चांगलं मळायचं. भाकरी चिरत नाही.

"झाकणाचं लिहिलंस ना?" सासूबाईंनी दोनदा विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "त्याला तिकडं धाडायचं असेल, तर आधी माझ्यापुढं परातीवर बसव."

ह्यांचा होकार अजून अर्धाच आहे. प्रवेशपरीक्षाही व्हायचीय. पण भाऊजी रोज संध्याकाळी भाकरी थापतात, आणि वही भरत चाललीय. तुमच्याही घरी अशी अंदाजानं करणारी कुणी असेल, तर एकदा वाटी घेऊन तिच्याजवळ बसाच.