मुदतीचा नियम

परगावी राहून शिकणे दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबांना नवे नाही. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि पुढील काळात कोल्हापूर, सांगली यांसारख्या शहरांत जैन बोर्डिंगे उभी राहिली. शेतकऱ्यांची मुले वळकटी घेऊन तेथे उतरत. शहर अनोळखी असले तरी दर्शनाला जिनमंदिर असे, पंगत दिवस मावळण्यापूर्वी उठे आणि ताटात काय वाढले आहे हे विचारावे लागत नसे. आजची मुले त्याहून पुष्कळ दूर जातात. बोर्डिंग जे काम शंभर मुलांसाठी करीत असे, ते तेथे प्रत्येकाला एकट्याने करावे लागते.

जयसिंगपूरची एक मुलगी पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतील हॅम्बुर्गला गेली. एल्बे नदीच्या दक्षिणेस, हारबुर्ग भागात तेथील तांत्रिक विद्यापीठ आहे. त्याच्या जवळच चौघांच्या सामायिक घरात तिला खोली मिळाली. ऑक्टोबरचे पहिले पंधरा दिवस कागदपत्रांत गेले. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत सरकारी कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. टपालपेटीवर आपले आडनाव चिकटवलेले नसेल, तर आलेले पत्र परत जाते. आणि बँकेपासून विम्यापर्यंत पुष्कळसा व्यवहार अजून पत्रानेच चालतो. रविवारी दुकाने बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवायची. हे सारे ती लवकर शिकली, कारण ते सांगणारी माणसे भेटत गेली.

स्वयंपाकघराचे मात्र तिचे तिलाच ठरवावे लागले. सामायिक भांड्यांत मांस शिजत असे. तिने एक कुकर, एक कढई आणि दोन डबे स्वतंत्र घेतले, फडताळाचा वरचा कप्पा मागून घेतला. तुर्की दुकानात मसूर आणि हरभरे मिळाले. दह्यात जिलेटिन आहे का, चीज कशाने विरजले आहे, हे वेष्टनावरची बारीक जर्मन अक्षरे वाचून पाहण्याची सवय लागली. थंडीतल्या भाजीबाजारात बटाटे, कांदे, गाजरे आणि बीट यांचेच ढीग. तिच्या पिशवीत ब्रोकोली, ढोबळी मिरची आणि गोठवलेले वाटाणे येत.

घरातल्या एका जर्मन मुलीने एके दिवशी विचारले, “मांस नाही, हे समजते. पण बटाट्याने काय केले?” घरी हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता, तेथे बटाटा आणतच नसत. अडखळत तिने सांगितले, की कंद उपटला की रोपच संपते, त्याबरोबर मातीतले जीव जातात, आणि कंदमूळ अनंतकाय, म्हणजे एका शरीरात अनंत जीवांचे वसतिस्थान, मानले आहे. आयुष्यभर पाळलेली गोष्ट ती प्रथमच स्वतःच्या शब्दांत बोलत होती. याच शहरातील हॅम्बुर्ग विद्यापीठात वाल्टर शूब्रिंग यांनी तीस वर्षे प्राकृत आगमांचा अभ्यास केला आणि १९३५ साली जैन सिद्धांतावर जर्मन भाषेत मोठा ग्रंथ लिहिला, हे तिला पुढे कळले. त्यांच्यानंतर त्याच आसनावर आलेल्या लुडविग आल्सडॉर्फ यांनी १९६२ साली भारतीय शाकाहाराच्या इतिहासावर लिहिले. आपल्या प्रश्नांना या गावात आधीच कोणी तरी हात घातला होता, एवढ्यानेही तिला ते गाव थोडे जवळचे वाटले.

खरी कसोटी नोव्हेंबरात लागली. जयसिंगपुरात सर्वांत लवकरच्या आणि सर्वांत उशिराच्या सूर्यास्तात सुमारे सव्वा तासाचे अंतर असते. त्यामुळे दिवसाउजेडी जेवण्याचा नियम कधी जाचक वाटला नव्हता. हॅम्बुर्ग साडेत्रेपन्न अक्षांशांवर आहे. तेथे डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी जेवण आटोपण्याची घरची रीत. त्या हिशेबाने सव्वातीनलाच दिवस संपे, आणि तिची प्रयोगशाळा साडेपाचपर्यंत चाले.

पहिले काही दिवस ती उपाशी झोपली. मग एका संध्याकाळी सहाला, बाहेर गडद अंधार असताना, तिने वरण-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशीही खाल्ला. आजीचा फोन रोज तेथल्या साडेचारला येई. इकडे नऊ वाजलेले असत. “जय जिनेंद्र. दिवस मावळायच्या आत जेवलीस न्हवं?” या प्रश्नाला ती “हो” म्हणत राहिली. दहा-बारा दिवसांनी तिच्या ध्यानात आले, की रात्रीचे जेवण एका बाजूला राहिले आणि रोजचे असत्य दुसऱ्या बाजूला साचत चालले आहे. तिने आजीला सारे सांगितले.

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चारला मावळतोय? मग तिथली माणसं धारा कवा काढत्यात?” आणि नंतर, “उपाशी राहून आजारी पड, असं कुणी सांगितलंय? झेपंल तेवढ्या मुदतीचा नियम घे. घेतलास तर मोडू नको. पण मला खोटं सांगू नको.”

आजीचे बोलणे शास्त्राला धरूनच होते. भोगोपभोगपरिमाण व्रत सांगताना समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात मर्यादित काळासाठी घेतलेला त्याग तो नियम आणि जन्मभराचा तो यम, असा भेद केला आहे. मुलीने तो भेद पाठशाळेत पाठ केला होता. त्याचा उपयोग तिला आता कळला. तिने वेळापत्रक समोर ठेवले. सोमवार आणि गुरुवार वगळून एक महिना सूर्यास्तानंतर पाण्याखेरीज काही न घेण्याचा नियम केला. सकाळी उजाडल्यावर पोटभर न्याहारी आणि पावणेतीनच्या सुट्टीत जिन्याशेजारच्या बाकावर डबा. महिना पार पडला. मग तिने दुसरा महिना घेतला आणि त्यात गुरुवारही आणला.

जूनमध्ये उलटे झाले. सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळू लागला. मैत्रिणी म्हणाल्या, “आता तुला साडेनऊलाही जेवता येईल!” अक्षरार्थाने ते खरे होते. पण हिवाळ्यात सूर्याने ओढून घेतलेली वेळ उन्हाळ्यात त्याने मोकळी सोडली, म्हणून संयमही सैल करावा, हे तिला पटेना. सातनंतर न जेवण्याचा नियम तिने स्वतःहून घेतला. तेव्हा खिडकीत ऊन होते आणि आजीनेही विचारले नव्हते.

पुढच्या ऑक्टोबरात इचलकरंजीहून एक नवी विद्यार्थिनी आली. हिने तिला आधी टपालपेटीवर नाव चिकटवायला लावले, मग तुर्की दुकान दाखवले. परतताना, ट्रेन एल्बेवरून जात असताना, त्या मुलीने हळूच विचारले, “इथे नियम पाळता येतो का हो ताई?”

“येतो,” ती म्हणाली. “कोणता घेणार आहेस, आणि किती दिवसांचा?”