साखळीची करवत

कुऱ्हाड, कोयता आणि हातकरवत हीं तीन हत्यारें ज्या घरांत आहेत, त्या घरास चौथ्याची गरज पडत नाहीं, असें आमचें कित्येक वर्षें मत होतें. 3 जून 2020 रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें, आणि त्या एका दुपारीं वाडींतल्या नारळीपोफळींबरोबर आमचें हें मतही उन्मळून पडलें. वारा थांबल्यावर बाहेर येऊन पाहतों तों वाट म्हणून उरलीच नव्हती. आजोबांनीं लावलेला आंबा शेजाऱ्यांच्या पडवीवर आडवा झाला होता. शेजारच्या म्हातारबाई आंत सुखरूप होत्या. परंतु पुढचें दार खोडानें अडलेलें, म्हणून मागच्या खिडकीचे गज काढून त्यांस बाहेर घ्यावें लागलें. माणूस वांचलें, खोड मात्र तसेंच राहिलें, आणि मृग तर चार दिवसांवर आलेला.

गांवांत त्या वेळीं साखळीच्या दोन करवती होत्या. एक कोणीं हौसेनें स्वस्तांत आणलेली. ती दुसऱ्याच दिवशीं दोन तास चालून जी अडकली ती कायमची. दुसरी मजुरीनें झाडें तोडणाऱ्या एका टोळीची. तिनें रस्ता मोकळा केला, आणि आमच्या आंब्यापर्यंत येतांना ती सुरूच होईना. तिच्या कार्ब्युरेटरांतील एक पातळ पडदा निकामी झाला होता. पडदा मिळता तर काम तासाभराचें. पण साथीमुळें दुकानें बंद, रस्ते झाडांनीं अडलेले आणि वीज कित्येक दिवस गेलेली. दोन गड्यांनीं हातकरवतीनें तें खोड कापलें तेव्हां पाऊस सुरू होऊन आठवडा लोटला होता, आणि म्हातारबाईंच्या भिंती छातीइतक्या ओल्या झाल्या होत्या. त्या आठ दिवसांत आम्हीं रोज त्यांच्या दारावरून गेलों आणि रोज मान खालीं घालून गेलों. झाड आमचें होतें.

पुढें वाडींतल्या घरांनीं वर्गणी काढून एक चांगली, धंदेवाईक कामाची करवत घ्यावयाचें ठरविलें. ज्यांच्या वाडींत एकही उभी पोफळ उरली नव्हती, त्यांनींही पैसे दिले. म्हातारबाईंनीं दिले ते तर आम्हांस हातांत घेववेनात. निवडीचें काम अर्थातच आमच्या गळ्यांत पडलें. कारण घरांत पुस्तकें असलेल्या मनुष्यास सर्व कांहीं कळतें, अशी गांवाची समजूत असते आणि ती मोडण्याचें धैर्य त्या मनुष्यास नसतें.

कामास लागण्यापूर्वीं आम्हीं या यंत्राचा इतिहास पाहिला. वाचणाऱ्यांची ती खोडच असते. जर्मनींत आन्द्रेआस श्टील यांनीं 1926 सालीं विजेवर चालणारी आणि 1929 सालीं पेट्रोलवर चालणारी साखळीकरवत तयार केली. स्वीडनमधील हुस्कवार्ना हा कारखाना 1689 सालीं बंदुका करण्यासाठीं निघाला. त्याची पहिली साखळीकरवत 1959 सालची. परंतु आमचें मन रमलें तें जोसेफ कॉक्स या अमेरिकन लांकूडतोड्याच्या गोष्टींत. लांकूड पोखरणारी एक अळी आपले जबडे डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीनें चालवीत कशी पुढें सरकते, हें त्यानें 1946 सालीं निरखून पाहिलें, आणि तसेच डावेउजवे दांत पोलादी साखळीस बसविले. आजची बहुतेक प्रत्येक साखळी त्या अळीचें ऋण वाहते. ज्या किड्यास आपण पायाखालीं चिरडतों, त्याच्यापाशीं एका माणसानें शिकवणी घेतली, हें आम्हांस फार आवडलें.

मग आम्हीं कोष्टक मांडलें. श्टीलची एमएस 462 ही 72.2 घनसेंटिमीटरची, शक्ति 4.4 किलोवॅट, वजन पातें व साखळी सोडून 6 किलो. तिच्याच तोडीची हुस्कवार्नाची 572 एक्सपी 70.6 घनसेंटिमीटरची, शक्ति 4.3 किलोवॅट, वजन 6.6 किलो. त्यांहून थोर खोडांसाठीं श्टीलची एमएस 661, 5.4 किलोवॅट आणि 7.4 किलो; हुस्कवार्नाची 395 एक्सपी, वजन 7.9 किलो. आणि 2019 सालीं विक्रीस आलेली श्टीलची एमएस 500 आय, जिच्यांत कार्ब्युरेटर नसून पेट्रोल विजेच्या नियंत्रणानें आंत सोडलें जातें. तिची शक्ति 5 किलोवॅट आणि वजन अवघें 6.2 किलो. किलोमागें शक्ति काढली तर ही शेवटची सर्वांच्या पुढें, हें सांगावयास गणिती नको. अर्धा किलो वजन कागदावर क्षुल्लक दिसतें. पण दिवसभर तें हातांत धरणाऱ्याच्या मनगटास तें संध्याकाळीं विचारावें. कोष्टक सुरेख झालें होतें. तें घेऊन आम्ही तालुक्याच्या गांवीं, मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका मिस्तरींकडे गेलों.

मिस्तरींनीं कोष्टक आदरानें वाचलें, आदरानें घडी करून परत दिलें, आणि गांवांतल्या त्या दोन्ही मेलेल्या करवती पुढें ओढल्या. स्वस्त करवतीचा मफलर काढून त्यांनीं आंत बॅटरी दाखविली. पिस्टनवर उभे ओरखडे होते. “हिला तेल पाजलेंच नाहीं, काका.” या इंजिनास वेगळें वंगण नसतें, लिटरभर पेट्रोलांत वीस मिलिलिटर तेल मिसळावें लागतें, आणि तें विसरलें कीं पिस्टन सिलिंडरास धरून बसतो. शिवाय तें इंजिन खालूनवरून दोन अर्धुकें जोडून केलेलें. सिलिंडर बदलावयाचा तर सगळें इंजिन कवचांतून बाहेर काढावें लागे. दुसरी करवत धंदेवाईक घडणीची. तिची पेटी मॅग्नेशियमची, आणि वरचे चार बोल्ट काढले कीं सिलिंडर एकटा हातांत येई. तिचा तो पडदा त्यांनीं आमच्या तळहातावर ठेवला. तो वाळल्या पापडासारखा ताठ झाला होता. टाकींत महिनोन्महिने पेट्रोल तसेंच राहिलें, त्यांतलें इथेनॉल हवेंतली ओल शोषून घेतें, आणि किनाऱ्याच्या हवेंत ओलीस काय तोटा! हल्लीं पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळें ही काळजी वाढलीच आहे.

“तुमचे आंकडे खरेच आहेत, काका,” मिस्तरी म्हणाले. “पण बंद पडली तर दुसऱ्या दिवशीं चालू कोण करणार, आणि कशानें?”

या प्रश्नास आमच्या कोष्टकांत रकानाच नव्हता. ज्या पडद्यापायीं म्हातारबाईंच्या भिंती भिजल्या, तो पडदा आम्हीं शक्तीच्या आणि वजनाच्या आंकड्यांत सपशेल विसरलों होतों. आपण विकत घेतों तें यंत्र. पण अडचणीच्या दिवशीं उपयोगीं पडतो तो त्या यंत्रामागचा माणूस, त्याचें कपाट आणि त्या कपाटांतला खण, हें आमच्या ध्यानांत त्या दिवशीं आलें.

घरीं येऊन नवें कोष्टक केलें. पांच जिनसांची यादी लिहिली: कार्ब्युरेटरचे पडदे, ठिणगीचा प्लग, हवेची गाळणी, सुरू करण्याची दोरी आणि साखळी फिरविणारें दांतेरी चाक. ही यादी घेऊन आम्ही तीन दुकानें फिरलों. एका ठिकाणीं शक्तीविषयीं अर्धा तास व्याख्यान झालें आणि सुट्या भागांविषयीं “मागवूं कीं!” एवढेंच उत्तर मिळालें. दुसऱ्या ठिकाणीं सबंध यंत्र होतें, भाग एकही नव्हता. तिसऱ्या दुकानांतील मुलगा बोललाच नाहीं. त्यानें खण ओढून पांचही वस्तु ओळीनें फळीवर मांडल्या. करवत आम्हीं तेथें घेतली. ती कोणत्या घराण्याची हें येथें सांगत नाहीं. कारण दुसऱ्या तालुक्यांत दुसऱ्या घराण्याचा खण भरलेला असेल, आणि तेथें तीच घेणें शहाणपणाचें.

एका बाबतींत आम्हांस बराच विचार पडला. वर सांगितलेल्या 462 आणि 572 यांच्या जातींत मिश्रणाचें प्रमाण आपोआप जुळविणारी विजेची योजना असते. उष्मा वाढला, गाळणी तुंबली, तरी ती स्वतःस सांवरून घेते. आणि अडाणी हातानें स्क्रू पिळून इंजिन जाळण्याचा धोका टळतो. हा गुण लहान नव्हे. परंतु त्या योजनेंत बिघाड झाला तर तो शोधण्यास कारखान्याचें खास उपकरण लागतें, आणि तें आमच्या मिस्तरींपाशीं नव्हतें. म्हणून आम्हीं जुन्या धाटणीची, स्क्रूनें जुळविण्याची करवत पसंत केली. शहराजवळ राहणाऱ्यानें उलट निवड केली तर आम्ही त्यास चुकला म्हणणार नाहीं.

यंत्राचा भरंवसा निम्मा कारखान्यांत तयार होतो आणि निम्मा घरीं, हें पुढें अनुभवास आलें. आडव्या पडलेल्या नारळाच्या सालींत वाळू भरलेली असते. तिच्यावरून साखळी एकदां फिरली कीं धार गेलीच. धार असली म्हणजे करवतीखालून चिपाड्या उडतात, बोथट झाली कीं पीठ पडूं लागतें. पीठ दिसतांच थांबून गोल कानस घ्यावी, जोर लावूं नये. पात्याच्या टोंकाचा वरचा भाग खोडास लागला तर सबंध करवत उसळून तोंडावर येते. साखळी थांबविणारा ब्रेक असतो खरा. पण त्याच्या भरंवशावर बेफिकीर राहणें हें विमा उतरला म्हणून विहिरींत उडी घेण्यासारखें आहे. आमच्या वाडीचे नियम तीन: एकट्यानें करवत चालवावयाची नाहीं, तेलाच्या बाटलीवरील खुणेकडे पाहिल्यावांचून पेट्रोल ओतावयाचें नाहीं, आणि काम संपल्यावर टाकी रिती करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावयाचें.

मे 2021 मध्यें तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलें. पुन्हां झाडें पडलीं. त्या संध्याकाळीं करवतीची दोरी ऐन कामांत तुटली. मिस्तरींनीं शिकवून ठेवलेल्या वाडींतल्या एका पोरानें डब्यांतून नवी दोरी काढली आणि कंदिलाच्या उजेडांत वीस मिनिटांत बसविली. म्हातारबाईंच्या दारापुढची पोफळ रात्रीच्या जेवणापूर्वीं बाजूस झाली. “यंदां लवकर आलांत,” एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांत टोमणा होता कीं समाधान होतें, हें आम्हीं विचारलें नाहीं; दोन्ही असण्याचा त्यांस अधिकार होता.

तेव्हांपासून दसऱ्यास कुऱ्हाड, कोयता आणि हातकरवत यांच्या शेजारीं हें चौथें हत्यार मांडतों. झेंडूचीं फुलें चौघांसही सारखींच. आणि त्याच्या पुढ्यांत, मिस्तरींच्या सांगण्यावरून, पडद्याची एक कोरी पुडीही ठेवतों.