गिरगावच्या पोटातलं स्टेशन

आमचं नामपूर म्हणजे मोसम नदीकाठचं, कांद्याच्या बाजाराचं गाव. साधी आगगाडी बघायची तरी मनमाड नाहीतर नाशिकरोड गाठावं लागतं. मग जमिनीखालून धावणाऱ्या गाडीत बसायचं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, यात नवल ते काय?

२०२५ च्या दिवाळीच्या सुटीत मी मुंबईला मावशीकडे गेले होते. मावशीचा सगळा संसार गिरगावातल्या चाळीत झाला. मेट्रोच्या कामात ती चाळ पाडली गेली. तेव्हापासून ती लांब उपनगरात भाड्याच्या जागेत राहते आहे, गिरगावातच पुन्हा घर मिळेल या भरवशावर. मला म्हणाली, "ज्याच्यापायी घर गेलं, ते स्टेशन एकदा डोळ्यांनी बघू तरी दे."

लोकलनं आम्ही सीएसएमटीला उतरलो. याच बोरीबंदराहून १८५३ साली पहिली गाडी ठाण्याला गेली. आता त्या भागात खालीही स्टेशन आहे. आरे ते कफ परेड हा मार्ग साडेतेहतीस किलोमीटरचा. त्यातलं गिरगाव ९ ऑक्टोबर २०२५ ला लोकांसाठी उघडलं.

लंडनला १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे निघाली, ती वाफेच्या इंजिनाची. धुरानं लोक बेजार होत. इथे मात्र गारवा आणि लख्ख उजेड! फलाटाच्या कडेला काचेची दारं आहेत. गाडी थांबली की मगच ती उघडतात. तेव्हा लहान मुलं बरोबर असली तरी जिवाला घोर नको. सरकत्या जिन्याची धास्ती वाटली, तर लिफ्टनं जा. आम्हीही तेच केलं.

काळबादेवी गेलं आणि लगेच गिरगाव आलं. मावशी उतरली नि छताकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता रडणार. पण ती हळूच म्हणाली, "आमची मोरी नेमकी कुठं आली असेल गं?"

मला काही बोलायला सुचेना. तिचा हात मात्र घट्ट धरून ठेवला.

परतीच्या तिकिटांसाठी मी पर्स उघडली, तर तिनं माझा हात बाजूला सारला. म्हणाली, "गिरगावात आलीयेस ना? मग पाहुणी तू. पैसे मी देणार."