वुस्ट्राउचा हुसार

बर्लिनच्या वायव्येस, रुप्पिन सरोवराच्या दक्षिण टोकाशी वुस्ट्राउ हे छोटे गाव आहे. थिओडोर फोन्टाने याने ब्रांडेनबुर्गमधील आपल्या भटकंतीवर लिहिलेल्या ग्रंथाचा 1862 सालचा पहिला खंड ज्याने वाचला, त्याची पावले कधी ना कधी इकडे वळतातच, कारण प्रशियाचा हुसार सेनानी हान्स योआखिम फॉन झीटन 1699 साली येथेच जन्मला. सरोवराकाठचे न्यूरुप्पिन, म्हणजे फोन्टाने आणि वास्तुकार शिंकेल या दोघांचे जन्मगाव, अशा प्रवाशाकडून धावतपळतच पाहून होते, आणि मुक्कामाच्या ओलसर, गारठलेल्या खोलीमुळे तर पहाटेच निघण्याची घाई होते.

हुसार म्हणजे हंगेरीत घडलेल्या धाटणीचे हलके घोडदळ. चिलखत नाही, कमरेला बाकदार तलवार, अंगात दोऱ्यांच्या नक्षीचा आखूड डगला आणि त्यावर फरचे अस्तर असलेला दुसरा, असा त्यांचा वेष असे. टेहळणी, छापा, शत्रूची रसद तोडणे आणि पाठलाग ही त्यांची कामे. झीटनला ठेंगणी अंगकाठी आणि क्षीण आवाज यांमुळे सैन्यात डावलले गेले, द्वंद्वयुद्धापायी बडतर्फीही सोसावी लागली, आणि 1730 साली तो परतला तो या नव्या दलात. 1735 च्या ऱ्हाईन मोहिमेत, प्रशिया व ऑस्ट्रिया एकाच बाजूला असताना, हे युद्धतंत्र तो बारोन्याय या ऑस्ट्रियन हुसार अधिकाऱ्याकडून शिकला. सहा वर्षांनी रोटश्लॉसच्या चकमकीत त्याच गुरूला हरवण्यापर्यंत त्याची मजल गेली आणि लाल डगल्यांची रेजिमेंट त्याच्या हाती आली. 1745 च्या मे महिन्यात प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचा निरोप येगर्नडॉर्फला पोचवण्यासाठी ही सारी रेजिमेंट ऑस्ट्रियन फौजेच्या मधून निघाली, आणि निळ्या फरडगल्यांमुळे ती आपलीच वाटून शत्रूने तिला बराच काळ अडवले नाही, असे सांगितले जाते.

वाद आहे तो 3 नोव्हेंबर 1760 च्या टोरगाउच्या लढाईचा. फ्रेडरिक राजा उत्तरेकडून चढाई करत रक्तबंबाळ होत असताना दक्षिणेकडचा झीटन दुपारभर रेंगाळला, असा ठपका काही इतिहासकार ठेवतात. हा ठपका पटत नाही. वाटेत गाठ पडलेल्या शत्रूशी तो आधी गुंतला होता हे खरे, पण काळोख पडताना झ्यूप्टिट्झच्या तळ्यांमधील बांधावरून वाट सापडताच त्याने जो घाव घातला, त्यानेच हातची जाऊ पाहणारी लढाई फिरली. वाट हेरणे आणि क्षण येईपर्यंत दबा धरणे हाच तर हुसाराचा धर्म; त्याला दिरंगाई म्हणणे हा अन्याय आहे.

राजाच्या काही महिने आधी, जानेवारी 1786 मध्ये, झीटन बर्लिनला वारला आणि वुस्ट्राउच्या चर्चपाशी विसावला. त्याचा मुलगा 1854 साली गेला आणि घराण्याची ही शाखा संपली. प्रशियाच्या इतिहासाचे संग्रहालय गावातच आहे, पण थडग्यापाशी रेंगाळलेल्या प्रवाशाला ते गाठण्याची शुद्ध राहत नाही, आणि सरोवरावर धुके उतरू लागते तेव्हा परतीची गाडीही निघून गेलेली असते.