नाक्यावरची भाकर

मुंबईतल्या साकीनाका या नावातला ‘नाका’ मराठी कानाला दोन गोष्टी सांगतो. मालावर जकात घेतली जाई ती जागा म्हणजे नाका; आणि सकाळी थापी, रंगाचा ब्रश किंवा नुसताच डबा हातात घेऊन माणसे कामाची वाट बघतात, ती जागाही नाकाच. शुभवर्तमानात हे दोन्ही नाके आहेत. मत्तय जकातनाक्यावर बसलेला असताना येशूने त्याला हाक मारली आणि तो उठून मागोमाग गेला. त्याच्याच नावाच्या शुभवर्तमानात उद्याची चिंता करू नका असे सांगणारे डोंगरावरचे प्रवचन आहे, आणि बाजारात उभ्या राहिलेल्या मजुरांचा, द्राक्षमळ्याचा दाखला तर फक्त तिथेच आहे. धनापेक्षा देवावर भरवसा ठेवा ही शिकवण नाक्यावर उभे राहून वाचावी असे मला वाटते. तिजोरीला टेकून वाचली की ती गरिबाला दिलेला फुकटचा उपदेश होऊन बसते.

त्या दाखल्यातला मालक पहाटे मजूर नेतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पुन्हा बाजारात येतो. अजून काही जण उभेच असतात, कारण त्यांना कुणी बोलावलेलेच नसते. संध्याकाळी तो सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची दिवसाची मजुरी. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात आणि त्यांची कुरकुर आपल्याला पटतेही. पण मालकाने मोजलेले असते ते एका घराचे एका दिवसाचे पोट. तास त्याच्या हिशेबात नसतात. प्रभूच्या प्रार्थनेतही मागणे आजच्या भाकरीचेच आहे. ज्याला उद्याची धास्ती नाही त्याचीच मूठ आज पूर्ण उघडते, आणि माझ्या मते देवावरच्या भरवशाचे खरे काम हेच आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सगळे पोट भरलेल्याला शोभते. पंडिता रमाबाईंचे आयुष्य त्याला उत्तर देते. 1870 च्या दशकात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली, ती दुष्काळाच्या आणि उपासमारीच्या दिवसांत. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या कामाला दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिला होता आणि ती मुदत 1898 ला संपायची होती. अशा वेळी कोणताही हिशेबी माणूस हात आखडता घेतो. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे अनुभव त्यांनी वाचले होते. कुणापुढे हात न पसरता, प्रार्थनेवर विसंबून तो अनाथाश्रम चालवत असे. रमाबाईंची केडगावची ‘मुक्ती’ ही संस्था त्याच वाटेने उभी राहिली. पण तिथे विहिरी खणल्या गेल्या, फळबाग लागली, शेती झाली, हातमाग आणि छापखाना चालला. प्रार्थना करणारी बाई पाण्यासाठी खणतही होती, आणि या दोन्हींत तिला विसंगती दिसली नाही. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेल्या अन्नाच्या, मान्नाच्या गोष्टीतही हेच आहे. हावेने रात्रभर साठवलेल्या मान्नात किडे पडले. मात्र विश्रांतीच्या दिवसासाठी सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मान्ना चांगला राहिला. म्हणजे शिल्लक टाकणे हे पाप नव्हे. बिघाड होतो तो शिल्लकच देव होऊन बसते तेव्हा.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात पानोपानी उभा आहे. त्यांचे पती, ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि त्या मुक्तहस्तपणाची किंमत घरातल्या बाईला मोजावी लागे. एकाचा भरवसा म्हणजे दुसरीचा रिकामा डबा, हे कुठल्याही धर्मोपदेशकाने नजरेआड करू नये. आपल्या वाट्याचे सोडण्याचा हक्क माणसाला आहे, दुसऱ्याच्या ताटातले सोडण्याचा नाही. आणि तरीही, सारे सोसून लक्ष्मीबाई स्वतःच्या पायांनी त्याच श्रद्धेकडे आल्या. कुणाच्या धाकाने माणूस अशी वाट धरत नाही, म्हणून त्यांची साक्ष मला टिळकांच्या साक्षीहून मोलाची वाटते.

तिसऱ्या आक्षेपापाशी शब्द अडखळतात. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या एका गाळ्याला आग लागली आणि 12 कामगार गेले. त्यांना कोणता भरवसा सांगायचा? ‘देवाची इच्छा’ म्हणून हात झटकणे हा देवाच्या नावाचा दुरुपयोग आहे. जागेचा एकेक फूट पैशात मोजणाऱ्या या शहरात जिना, खिडकी, बाहेर पडायची दुसरी वाट हा सगळा वायफळ खर्च वाटू लागतो, आणि तसे वाटायला लावणारी भीती उद्याचीच असते. मजुराची सुरक्षितता देवावर सोपवायची आणि स्वतःची बँकेवर, अशी वाटणी शुभवर्तमानात कुठेही नाही. तिथे भरवशाची पहिली परीक्षा द्राक्षमळ्याच्या मालकाची आहे.

साकीनाक्यापासून थोड्याच अंतरावर, 1973 मध्ये उभ्या राहिलेल्या सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणाआड, जेसुइटांनी 1579 मध्ये बांधलेल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या भिंती उभ्या आहेत. छप्पर गेलेले आहे. 1840 मध्ये साथ आली आणि तिथले लोक गाव सोडून मरोळला गेले. जुन्या चर्चमधल्या वस्तू त्यांनी सोबत नेल्या आणि तिथे पुन्हा चर्च उभे केले. अडीचशेहून अधिक वर्षांची दगडी भिंत मागे राहिली, प्रार्थना पुढे गेली. आज त्या भग्न भिंतींभोवती निर्यातीसाठी दागिने घडतात, सोने मिलिग्रॅमपर्यंत तोलले जाते, दारावर पहारा असतो. वर्षातून एकदा ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाची मंडळी त्या पहाऱ्यातून आत जातात आणि उघड्या आभाळाखाली मिस्सा होते. मिस्सेत आजच्या भाकरीची तीच प्रार्थना म्हटली जाते. बाहेर मोशेच्या नियमशास्त्रातला एक जुना हुकूम अजून थकलेलाच आहे: मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत त्याच्या हातावर ठेवा, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे.