झाकण्यापूर्वीचे मोजमाप

लोणी काळभोरच्या आमच्या घराचे दोन भाग आहेत. रस्त्याकडचा, दगडमातीच्या भिंतींचा आणि पांढऱ्या मातीच्या धाब्याचा भाग आजोबांच्या वेळचा. त्यामागच्या स्लॅबच्या खोल्या वडिलांनी १९८० च्या सुमारास बांधलेल्या. त्या काळी सिमेंट परवान्यावर मिळे. सिमेंटवरील सरकारी नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः सैल झाले आणि १९८९ मध्ये पुरते उठले. तोवर ज्यांनी घरे बांधली, त्यांना पोत्यापोत्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागले आणि पदरात पडेल तेवढ्या सिमेंटात काम भागवावे लागले. आमच्या स्लॅबचेही तसेच झाले असावे. सळयांखाली पाऊण इंच तरी काँक्रीटचे आवरण असावे लागते, ते जागोजागी जेमतेम होते. गच्चीचा उतार पन्हळीकडे असावयाचा तो भिंतीकडे होता. तेथे साचलेले पाणी वर्षानुवर्षे मुरत सळईपर्यंत पोचले, लोखंड गंजले, आणि गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापीत असल्यामुळे त्याने खालचे आवरण आतून रेटून फोडले. आईच्या खाटेशेजारी छताचा पोपडा कोसळला, त्यानंतर दुरुस्ती लांबणीवर टाकणे शक्य नव्हते.

कामाची मुदत ठरविण्यासाठी मला पंचांग पुरेसे होते. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात तुकोबांची पालखी पुण्यातील मुक्काम आटोपून सोलापूर रस्त्याने लोणीला येते, येथे रात्र काढून यवतकडे निघते; आणि आमच्या घरी एक दिंडी आजोबांच्या काळापासून उतरत आली आहे. पावसाचे दिवसही तेच. तेव्हा पालखीपूर्वी गच्ची बिनगळतीची व्हावी, ही अट मी मनाशी पक्की केली.

माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या कामांची मोजमाप पुस्तके तपासण्यात गेली. आमच्या गावावरून जाणारा मुठा उजवा कालवा लहानपणी पोहण्याची जागा म्हणून ठाऊक होता. पुढे त्याच्या अस्तरीकरणाची आणि मातीकामाची मापे कारकुनाच्या नजरेने वाचू लागलो. त्या पुस्तकांचा एक दंडक माझ्या अंगी मुरला आहे: जे काम पुढे मातीखाली, काँक्रीटखाली किंवा गिलाव्याखाली जाणार, त्याचे माप ते झाकण्यापूर्वी घ्यावयाचे आणि दोन्ही पक्षांनी त्यावर सही करावयाची. पायाची खोली पाया भरून घेतल्यावर कोणी मोजू शकत नाही. सरकारी कामाला जो नियम लागू, तो खासगी घराला का लागू नसावा, हे मला कधीच उमगले नाही. उलट घरात तर आपलीच माणसे त्या छताखाली निजतात.

पहिला ठेकेदार आला तो अंगणातूनच वर पाहू लागला. गच्चीवर न चढता, फीत न काढता त्याने उक्ता आकडा सांगितला आणि निम्मी रक्कम इसार म्हणून मागितली. कोणते सिमेंट, गंजलेल्या सळईचे काय करणार, उतार कसा बदलणार, या प्रश्नांवर त्याचे एकच उत्तर होते: ‘काम अंगावर घेतलंय ना, मग तुम्ही कशाला काळजी करता?’ मी त्याला चहा देऊन निरोप दिला.

दुसरे गृहस्थ थेऊरच्या आमच्या आप्तांनी पाठविलेले. गवंडीकाम करता करता ठेकेदार झालेले. त्यांची माणसे त्यांना मुकादम म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी शिडी मागितली, हातोडी काढली आणि खोलीच्या एका कोपऱ्यापासून छत वाजवीत निघाले. मडके घेताना बायका वाजवून पाहतात, तसे ते कान देऊन ऐकत होते. जेथे खणखणीत आवाज आला तेथून हातोडी पुढे सरके. जेथे बद्द आवाज आला तेथे ते थबकत, चारी बाजूंनी ठोकून पाहत आणि गेरूने कड आखून घेत. पोपडा पडलेली जागा हातभर होती. गेरूच्या रेषेत आलेली जागा तिच्या अनेकपट निघाली. ‘काका,’ खाली उतरून ते म्हणाले, ‘दिसतंय तेवढंच भरलं तर पुढल्या साली शेजारचं पडंल. आणि वरचं पाणी थांबवल्याबिगर खालचं काम करूच नका, पैसे वाया जातील.’ स्वतःचेच काम मागे ठेवावयास सांगणारा हा माणूस मला तेथेच पटला.

करारनामा आम्ही साध्या कागदावर केला, पण कलमवार. दुरुस्तीचा दर चौरस फुटावर, माप प्रत्यक्ष. सिमेंट व वाळू मी आणून द्यावयाची, मजुरी आणि हत्यारे त्यांची. आरंभी थोडी उचल, पुढचे हप्ते आठवडे बाजाराच्या दिवशी, झालेल्या मापावर. आणि एक रक्कम अनामत म्हणून पावसाळा उलटेपर्यंत माझ्याकडे. झाकणाऱ्या प्रत्येक कामाआधी मला बोलवावे, हे कलम वाचताना ते क्षणभर थांबले. ‘भरवसा न्हाई का?’ त्यांनी विचारले. मी त्यांना मोजमाप पुस्तकाची रीत समजावून सांगितली, आणि हेही सांगितले की उद्या जास्तीचे काम निघाले तर हीच वही तुमच्या बाजूने साक्ष देईल. त्यांनी सही केली.

तसे काम निघालेच. वरच्या पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर, टेकू लावून छताचा सैल भाग पाडला, तेव्हा स्वयंपाकघराच्या तुळईतील एक सळई इतकी झिजलेली आढळली की नुसत्या तारेच्या ब्रशाने घासून आणि गंजरोधक लेप लावून भागणार नव्हते. जोडीला नवी सळई बांधणे प्राप्त होते. दुपारची वेळ होती, मसाला कालवून ठेवलेला होता, गवंड्याची थापी हातात होती; पण मुकादमांनी काम थांबवून मला बोलावणे धाडले. आम्ही लांबी मोजली, वहीत लिहिली, दोघांनी सह्या केल्या. त्या जास्तीच्या रकमेबद्दल आमच्यात एका शब्दाचीही घासाघीस झाली नाही.

मात्र सारे सुरळीत झाले असे नाही. त्याआधी, गच्चीचा कोबा अर्धा असताना माणसे एकाएकी येईनाशी झाली, दूरध्वनीलाही उत्तर येईना, आणि आकाशात ढग जमू लागलेले. मी अत्यंत संतापलो होतो. मुकादम परतले तेव्हा कळले की दुसरीकडच्या त्यांच्या कामावर स्लॅब भरावयाचा होता, आणि एकदा काँक्रीट ओतावयास घेतले की ते मध्येच सोडता येत नाही, जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा कच्चा राहतो, म्हणून झाडून सारी माणसे तिकडे नेली होती. कारण खरे होते. न सांगता जाणे मात्र गैर होते, आणि तसे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांनीही ते मान्य केले व पुढचे दिवस दिवेलागणीपर्यंत काम चालविले.

त्या कोब्याविषयी लिहावे तेवढे थोडे. विटांचे तुकडे मसाल्यात बसवीत, पाण्याची नळी धरून पातळी पाहत, दर शंभर इंचांस एक इंच उतार पन्हळीकडे त्यांनी काढला. कठड्याच्या पायथ्याशी वाटा गोल फिरविला, म्हणजे कोपऱ्यात पाणी धरून राहू नये. नंतर आळी करून गच्चीभर पाणी कोंडले. खालच्या खोलीतून छताकडे पाहत आम्ही त्या पाण्याची परीक्षा घेतली. डाग उमटला नाही.

घमेली वाहणाऱ्या बायांपैकी कोणाचीच बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद नव्हती. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असल्यास अठरा ते साठ वयाच्या कामगाराची तेथे नोंदणी होते. अर्ज भरणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय; ओसरीवर बसून मी ते भरले, मुकादमांनी दाखल्यांवर सह्या दिल्या. इमारतीच्या हिशेबात ज्यांचे नाव कोठेच येत नाही, त्यांची नावे निदान या कागदावर यावीत असे मला मनापासून वाटत होते.

पालखी आली, दिंडी उतरली, त्या रात्री पाऊसही झाला आणि वारकरी कोरड्या छताखाली झोपले. दसऱ्यानंतर मुकादम अनामत घेण्यास आले. रक्कम मोजून घेतल्यावर त्यांनी ती मोजमापाची वही मागितली आणि मोबाइलवर तिच्या एकेका पानाचे छायाचित्र घेतले. थेऊरला एका जुन्या घराचे काम ठरत होते. तेथील मालकांनाही कलमे याच रीतीने लिहावयास सांगणार असल्याचे ते म्हणाले.