वाटेचा हक्क

समुद्राचा आणि वऱ्हाडचा संबंध पावसाळी ढगांपुरताच आहे, असे आमचे आजवरचे मत होते. अमरावतीस वडाळी व छत्री हे दोन तलाव आहेत, अकोल्याकडे महानला काटेपूर्णेचे धरण आहे. परंतु शीड उभारून वाऱ्यावर नाव हाकावी, आणि तीही पैजेने, ही हौस आमच्या काळ्या मातीत रुजणारी नव्हे. आमच्याकडे पैज लागायची ती बैलांवर. तळेगाव दशासरचा शंकरपट पाहून आम्ही लहानपणी घसा बसेपर्यंत ओरडलो आहोत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबविल्या, २०२१ च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि २०२३ साली घटनापीठाने ती कायम केली. पटात धावपट्टी आखलेली असते. समुद्रावर ती नसते, हे मात्र आम्हांस गेल्या जानेवारीत कळले.

आमचा भाचा मुंबईस नोकरी करतो आणि रविवारी शिडाच्या नावा हाकतो. हा छंद त्या शहरात जुना आहे. तेथील रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, म्हणजे आमच्याकडे आगगाडी येण्याच्याही आधीचा. पावसाळ्यात सारे बंद असते; दिवाळीनंतर वारा माणसाळला की हौशी मंडळी गेट वेसमोरच्या पाण्यात उतरतात. त्या रविवारची शर्यत मित्रामित्रांतली होती, बक्षीस म्हणून चहाचे पैसे. गडी एक कमी पडला आणि "मामा, तुम्ही नुसती दोरी धरा," या आश्वासनावर आमची भरती झाली.

निघण्यापूर्वी भाच्याने नियम सांगितले. ते फार थोडे आहेत आणि त्यांत एक प्रकारचे सौंदर्य आहे, असे आम्हांस वाटले. उजव्या अंगावरून वारा घेणाऱ्या नावेला डाव्या अंगावरून वारा घेणारीने वाट द्यावी. दोघींचा वारा एकाच अंगाचा असेल आणि त्या शेजारी शेजारी असतील, तर वाऱ्याकडच्या नावेने दुसरीपासून दूर राहावे. कारण तिच्यापाशी वारा मोकळा आहे आणि पलीकडचीचा ती अडविते. मागून येणारीने पुढचीला धक्का लावू नये. नाव कोणाची, मालक कोण, शीड किती किमतीचे, याला कोठेही जागा नाही. सगळा न्याय वारा कोणत्या अंगास लागतो यावर!

आम्ही ज्या रस्त्याने अमरावतीहून अकोल्यास जातो, त्याचा ७५ किलोमीटरचा एक पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाला आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. रस्ता खरोखर उत्तम आहे. त्यावर वाट कोणी कोणास द्यावी, याचा निवाडा मात्र अजून भोंग्याच्या आवाजावरच होतो.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चढत असता डावीकडून एक नाव आमच्या वाटेत आडवी येऊ लागली. आमचा वारा उजव्या अंगाचा, तिचा डाव्या. हक्क निःसंशय आमचा. भाच्याने "स्टारबोर्ड!" अशी आरोळी दिली. नाव तशीच येत राहिली. दुसरी आरोळी. अंतर आता दोन नावांइतकेही नव्हते. भाचा ओरडला, "मामा, दोरी सोडा!" आणि आम्ही, खोटे कशाला सांगावे, ती सोडली नाही. हक्क आपला असता आपण का वळावे, हा प्रश्न त्या क्षणी आमच्या मनात इतका स्वच्छ उभा होता की हाताची मूठ उघडेचना. मोठे शीड ताणलेले असले की नावेचे तोंड वाऱ्यापासून सहज वळत नाही. भाच्याने एक हात सुकाणूवर ठेवून दुसऱ्याने आमच्या मुठीतून दोरी हिसकावली, नाव धडपडत वळली आणि पलीकडच्या नावेच्या पिछाडीला हातभर अंतर राखून आम्ही निघून गेलो. तिच्यावरच्या मंडळींची तोंडे आम्हांस तेव्हा प्रथम दिसली. त्यांच्या चेहऱ्यावर उद्दामपणा नव्हता, नुसते आश्चर्य होते. त्यांच्या पुढच्या शिडाने आम्हांला झाकून टाकले होते.

यानंतर जे घडले ते आम्हांस अधिक नवलाचे वाटले. ती नाव इतरांपासून बाजूला झाली आणि तिने स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या. नियम मोडल्याचे हे प्रायश्चित्त. कोणी पंच जवळ नव्हता, शिपाई नव्हता. चुकलेल्याने आपणच गिरक्या घ्यायच्या आणि मागे पडायचे.

"हक्क आपला होता ना?" आम्ही थोड्या वेळाने विचारले.

"होता. पण चौदावा नियम आहे, मामा. टक्कर टाळता येत असेल तर हक्क असणाऱ्यानेही टाळायची. दुसरा वळत नाही हे उघड होईपर्यंत थांबायला हरकत नाही. पण त्यानंतरही तसेच रेटले आणि कोणाला लागले किंवा नाव फुटली, तर दोघेही दोषी."

मोठ्या जहाजांसाठीही १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत वाट न सोडणाऱ्या जहाजाला नुसता हक्क नाही, त्याच्यावर कर्तव्य आहे: दिशा व वेग कायम ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला अंदाज बांधता येतो, आणि केवळ दुसऱ्याच्या वळण्याने टक्कर टळत नाही असे दिसताच स्वतःही हालचाल करायची. याच बंदरात १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची एक वेगवान नौका 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळून दहांहून अधिक माणसे गेली. भाचा हे सांगत होता तेव्हा घारापुरीहून परतणारी एक बोट जवळून गेली. तिच्यातल्या मुलांनी आम्हांस हात केले. आम्हांला हात वर करण्याचे सुचले नाही.

आम्ही १९९२ च्या पौषात होतो. बोरगाव मंजूच्या बाजूला आमचे गाव, नुकतेच एम. ए. होऊन आलो होतो आणि हौसेने कापसाच्या बंडीवर बसून अकोल्यास निघालो होतो. पांदणीचा नियम समुद्राइतकाच जुना व सरळ आहे: भरल्या बंडीला रिकामीने वाट द्यायची. चाकोरीत रुतलेले भरलेले चाक बाहेर निघत नाही, रिकामे निघते. समोरून रिकामी बंडी आली. आमच्या सालदाराने कासरा ओढला. "थांबाले लागते, भाऊ," तो म्हणाला. आम्ही कासरा त्याच्या हातून घेतला आणि बैल हाकले. समोरचा माणूस मुद्दाम अडला आहे, अशी आमची खात्री होती. वास्तविक त्याचे एक चाक बाहेर निघाले होते आणि दुसरे वाळलेल्या चिखलात अडकले होते; हे आम्हांस नंतर, खाली उतरल्यावर दिसले. तुंब्याला तुंबा भिडला, त्याची बंडी तिरपी झाली आणि डावा बैल जुवासकट नालीत गेला. त्याचा पाय मोडला.

आमच्या वडिलांनी पुढे त्या गृहस्थाकडे पैसे पाठविले. त्याने ते घेतले नाहीत. "भरल्या बंडीले वाट देनं माहं काम होतं," एवढाच निरोप आला. त्या वर्षी त्याने पेरणी उसन्या बैलावर केली, हे आम्हांस सालदाराने सांगितले. आम्ही विचारले नव्हते.

शर्यतीत आमची नाव शेवटून दुसरी आली. किनाऱ्यावर भाच्याने आमचा तळहात पाहिला. दोरीने साल निघाली होती. "एवढी घट्ट का धरली होती?" त्याने विचारले. नवखे आहोत, असे आम्ही उत्तर दिले आणि चहाचे पैसे देऊन टाकले.